टर्बो केला आणि बत्ती पेटली, आता मावसभावाला बोलू कसं?

पत्र थोडक्यात असं: गोव्यातल्या धारबांदोडा तालुक्यातले एक वाचक, स्वतःचा सहा चाकी छोटा ट्रक स्वतःच चालवतात. गाडी २०२१ ची, बीएस६ (धुराच्या नव्या नियमांची), सेकंडहँड घेतलेली. कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधून माल बेळगावला, येताना भाजी. गाडी ऑइल प्यायला लागली, टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) गेल्याचं कळलं, मग मावसभावाच्या गॅरेजमध्ये टर्बोचं काम केलं, ४२ हजार झाले. चौथ्या दिवशी अनमोड घाट चढताना चेक इंजिनची बत्ती पेटली आणि गाडी ओढेना. मावसभाऊ म्हणाला सेन्सरचं नाटक आहे, बीएस६ गाड्या अशाच, तू चालव. फोंड्यात एका इलेक्ट्रिशियनने स्कॅनर लावून ३०० रुपयांत बत्ती घालवली, तिसऱ्या दिवशी त्याच घाटात परत पेटली. परत घालवली, परत आली. कंपनीच्या वर्कशॉपने गाडी बघायच्या आधीच ६०-७० हजारांचा आकडा सांगितला. शेवटी एका दोस्ताने बत्तीवर काळी टेप चिकटवून दिली. वाचक लिहितात, "मावसभावाने काम बिघडवलं हे मला कळतंय. पण २०१८ ला खाणी बंद पडल्या तेव्हा ह्याच माणसाने माझ्या जुन्या ट्रकचं काम महिनोन्महिने उधारीवर केलं. त्याला बोलू कसा? आणि गाडी दुसरीकडे नेली तर घरात तोंड कसं दाखवू, गणेश चवथ तोंडावर आलीय."

भाऊ, पत्र दोनदा वाचलं. त्यात टर्बोचे पैसे आहेत, इलेक्ट्रिशियनचे ३०० आहेत, वर्कशॉपचा आकडा आहे, चवथ पण आहे, फक्त एक गोष्ट नाहीये, कोड, म्हणजे बिघाड कुठल्या प्रकारचा ते सांगणारा गाडीच्या कॉम्प्युटरचा आकडा. स्कॅनर दोनदा लागला आणि दोन्ही वेळा कोड काय आला ते त्या इलेक्ट्रिशियनने सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाही. पंचायतीत कुणी अर्ज दिला आणि क्लार्कने तो न वाचताच फाडला, वर तुमच्याकडून ३०० रुपये घेतले, तसंच झालं हे.

रागावून नाही सांगत, बहुतेकांचं असंच होतं, कारण आपल्याला बत्ती घालवायची असते. पण बत्ती पेटते तेव्हा गाडीचा कॉम्प्युटर नुसता कोड ठेवत नाही, त्या क्षणाला इंजिन किती फिरत होतं, स्पीड किती, लोड किती, पाणी किती गरम, असा एक फोटोच काढून ठेवतो, त्याला फ्रीज फ्रेम म्हणतात. कोड डिलीट मारला की तो फोटो पण गेला. तुमच्या घाटातल्या बिघाडाचा पुरावा दोनदा काढला गेला आणि दोनदा पुसला गेला. तिसऱ्यांदा नका पुसू देऊ, बाकी सगळं त्याच्या नंतर.

आता "मावसभावाने काम बिघडवलं हे मला कळतंय" हे वाक्य. कसं कळलं? कामानंतर बत्ती आली म्हणून? हा अंदाज वाईट नाही, मी पण आधी तिथेच बघितलं असतं. पण माझीच फजिती सांगते. दोनेक वर्षांमागे आमची गाडी सर्व्हिसिंग करून आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चेक लाइट. मी तडक गॅरेजमध्ये जाऊन चार लोकांसमोर भांडून आले, काय काय बोलले ते आता लिहीत नाही. त्या मेस्ताने (मेकॅनिकने) काही न बोलता बॉनेट उघडलं आणि एका सेन्सरची वायर दाखवली, उंदराने रात्रीत कुरतडलेली, ताजी. पावसात गाडी गोठ्याशेजारी उभी करायची आमची सवय. तेव्हापासून "नंतर झालं" आणि "त्यामुळे झालं" ह्यात मी थोडं अंतर ठेवते.

तुमच्या गाडीत मला तीन शक्यता दिसतात आणि तिन्हींत दोष वेगवेगळ्या ठिकाणी जातो.

पहिली, कामात काहीतरी सुटलं. टर्बो काढायचा म्हणजे हवेचे जाड रबरी पाइप काढावे लागतात, एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंत, टर्बोपासून इंटरकूलर (हवा थंड करणारी जाळी), तिथून इंजिन, शिवाय दोन-चार सेन्सरांचे कपलर (वायरींचे जोड). ह्यातली एक क्लिप सैल राहिली किंवा पाइप तिरका बसला तरी सपाट रस्त्यावर काही कळत नाही, कारण तिथे टर्बो फारसा दाब बनवतच नाही. मोले सोडून भरलेल्या गाडीने चढाला लागलात, ॲक्सिलरेटर दाबलात, की दाब वाढतो आणि हवा त्या फटीतून बाहेर. कॉम्प्युटरला हवा तेवढा दाब मिळत नाही, तो बत्ती पेटवतो आणि इंजिन वाचवायला ताकद कमी करतो, म्हणून गाडी ओढत नाही. तुमची बत्ती प्रत्येक वेळी घाटातच का येते आणि फोंड्यात इलेक्ट्रिशियनच्या दारात का येत नाही, त्याचं सगळ्यात साधं उत्तर हेच वाटतं मला. असं असेल तर कोड बहुतेक पी०२९९ येईल, म्हणजे टर्बोचा दाब कमी. आणि खर्च? पाना आणि अर्धा तास, फार तर एक नवी क्लिप.

दुसरी शक्यता लोकांच्या डोक्यात येत नाही. जुना टर्बो जाताना ऑइल ओकतो. एका बाजूने ते इंटरकूलरच्या पाइपात जाऊन साचतं, दुसऱ्या बाजूने सायलेन्सरकडे, म्हणजे बीएस६ गाडीत डीपीएफमध्ये, काजळी धरून ठेवणारा जो फिल्टर असतो त्यात. नवा टर्बो कितीही चांगला बसवला तरी आधीच ऑइलने माखलेला फिल्टर चोंदलेलाच राहणार, आणि चोंदलेल्या फिल्टरने पण गाडी चढाला मरते. तेव्हा कोड वेगळा येतो, पी२४६३ सारखा, काजळी साठल्याचा. हा मावसभावाने केलेला बिघाड नव्हे, जुन्या दुखण्याचं उरलेलं आहे. हां, काम करताना त्याने इंटरकूलर साफ केला का हे मात्र विचाराच, आणि बत्तीसाठी नाही, त्याच्यापेक्षा मोठ्या कारणासाठी. तिथे जास्त ऑइल साचलं असेल आणि इंजिनाने ते ओढून घेतलं तर डिझेल इंजिन ते ऑइलच जाळत सुटतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. घाटात असं झालेलं कुणाला नकोय.

तिसरी, योगायोग. आपल्याकडचा पाऊस, दमट हवा, कपलरमध्ये पाणी, पिनांवर हिरवट गंज, धूर स्वच्छ करायला जो युरिया लागतो त्याच्या बाजूचा एखादा सेन्सर थकलेला, किंवा आमच्यासारखा उंदीर. गाडी सेकंडहँड आहे तुमची, आधीच्या मालकाने काय काय केलंय तेही आपल्याला माहीत नाही.

ह्यातलं काय खरं ते मी इथे बसून सांगू शकत नाही, मावसभाऊ पण नुसतं बघून सांगू शकत नाही, आणि खरं तर वर्कशॉपवाला पण नाही, त्याने गाडी न बघता ६०-७० हजार सांगितले म्हणजे त्याने सगळ्यात महागडा अंदाज सांगितला इतकंच. कदाचित पार्ट बदलायचा हिशोब धरला असेल. इथे एक अजून गैरसमज फार आहे, की कोड म्हणजे खराब पार्टचं नाव. तसं नसतं. हवेच्या सेन्सरचा पी०१०१ आला म्हणजे सेन्सर गेला असं नाही, सेन्सरच्या पुढे पाइप फाटला तरी तोच कोड येतो, सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो. पाइप न बघता सेन्सर बदलून आठ-दहा हजार घालवलेले लोक मला माहीत आहेत, बत्ती परत आलीच.

तर करायचं काय. आता बत्ती पेटलेली आहे ना टेपखाली? बरंय, तशीच राहू दे. स्कॅनरवाल्याकडे जा, त्याच फोंड्याच्या इलेक्ट्रिशियनकडे गेलात तरी चालेल, पण गाडीतून उतरायच्या आधीच सांगा की डिलीट मारायचं नाही, फक्त वाच. स्क्रीनचा मोबाइलने फोटो काढा, कोडचा पण आणि फ्रीज फ्रेमचा पण. जो कोड "पेंडिंग" दाखवतो तोही घ्या. फोटोत किलोमीटरचा आकडा येऊ दे. स्वतःचा स्कॅनर घ्यायचा तर ब्लूटूथवाले छोटे हजार-दीड हजारात मिळतात, सोळा पिनांच्या सॉकेटला लावायचे आणि फोनवर वाचायचं, पिकअप आणि कार असलेल्यांना तेवढं पुष्कळ, पण ट्रकचं सगळं त्यात दिसेलच असं नाही, सॉकेट वेगळं असू शकतं. मोठ्या ट्रकवाल्यांनो, तुमच्याकडे पी-वाल्या कोडऐवजी एसपीएन आणि एफएमआय अशी आकड्यांची जोडी येऊ शकते, दोन्ही आकडे लिहा, एकट्या एसपीएनवरून कुठला भाग ते कळतं पण त्याला काय झालंय ते एफएमआय सांगतो.

मग गाडी थंड असताना टॉर्च घेऊन स्वतः बघा. रबरी पाइपांच्या सगळ्या जोडांवरून हात फिरवा, कुठे ऑइलचा ओला डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर हवा बहुतेक तिथूनच जाते. क्लिप हाताने फिरते का बघा. कपलर "टक" करून बसलेत का, एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण चारी बाजूंनी बसलंय का. फोडणीला टाकलेल्या मोहरीसारखा तडतड किंवा शिट्टीसारखा सूंऽऽ आवाज चढाला येत होता का तो आठवा, तो पण लिहून ठेवा. बरं, तुमच्या गाडीच्या मागून काळा धूर येतो का हे पत्रात नाहीये. डीपीएफ ठीक असलेल्या बीएस६ गाडीतून सहसा काळा धूर दिसत नाही, दिसत असेल तर आधीच्या मालकाने तो फिल्टर फोडून आतून रिकामा तर केला नाही ना ही शंका घ्यायला जागा आहे.

ह्यावरून आठवलं, कुणीतरी तुम्हाला लवकरच सांगेल की युरिया बंद करून देतो, डीपीएफ कापून देतो, बत्ती जन्मात येणार नाही. नाही म्हणा. परवानगी नसलेला असा फेरफार केला तर मोटार वाहन कायद्यात मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि गाडी धंद्याची असल्यामुळे तुम्हाला फिटनेसला आरटीओच्या दारात जायचंच आहे, ८ वर्षं होईपर्यंत दर २ वर्षांनी, पुढे दर वर्षी. आणि युरिया म्हणजे शेतातलं खत पाण्यात कालवून नव्हे हं, ३२.५ टक्क्यांचं शुद्ध तयार मिळतं तेच. हे लिहायची वेळ यावी ह्याचंच हसू येतं, पण पत्रं येतात मला.

दुरुस्ती झाल्यावर बत्ती लगेच गेली नाही तर घाबरू नका. बिघाड खरंच गेला असेल तर साधारण तीन वेळा गाडी नीट चालून बंद झाली, त्या तिन्ही वेळी कॉम्प्युटरला तो दोष दिसला नाही, की बत्ती आपोआप विझते. उलट डिलीट मारून घालवलेली बत्ती बंद असणं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही, तुम्ही दोनदा अनुभवलंत. खरी परीक्षा घाटात, तीही आधी अर्ध्या लोडवर, दिवसा, आणि सोबत कुणीतरी. घाटात फोनला रेंज मिळेल ह्या भरवशावर नका राहू.

तोपर्यंत चालवायची का? पिवळी बत्ती स्थिर आहे आणि गाडी ओढतेय तर सपाट रस्त्यावर, हलक्या लोडने, गॅरेजपर्यंत वगैरे, हो. पण तुमची गाडी ताकद कमी करतेय, आणि अनमोडच्या वळणावर भरलेला ट्रक मध्येच मेला तर मागच्या गाडीचं काय, म्हणून बेळगावची ट्रिप थांबवा, निदान भरलेली. पैसे बुडतात कळतंय मला. बत्ती लुकलुकायला लागली, ऑइलची लाल बत्ती आली, पाण्याचा काटा चढला, ठोकल्यासारखा आवाज आला, तर पुढे एक किलोमीटर पण नाही, तिथेच बाजूला. नव्या टर्बोला ऑइल मिळालं नाही तर तो फार वेळ टिकत नाही, ४२ हजार परत गेले म्हणून समजा. आणि घाट चढून लगेच इंजिन बंद करायची सवय असेल तर सोडा, एक-दोन मिनिटं नुसतं चालू ठेवा, टर्बो थंड होऊ दे.

आता मावसभाऊ. तुम्ही विचारलंत, दुसरीकडे गाडी नेली तर तोंड कसं दाखवू. पण भाऊ, नेलीतच की. फोंड्याला दोनदा गेलात, वर्कशॉपला विचारून आलात, फक्त त्याला नाही सांगितलं. धारबांदोड्यात असली गोष्ट किती दिवस लपते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्याला दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर त्याला लागेल ते ह्याचं, बत्तीचं नाही.

आणि तो "सेन्सरचं नाटक" म्हणाला ते आळसाने म्हणाला असं मी लगेच नाही धरणार. खाणीच्या ट्रकांवर हात बसलेला माणूस, २०१२ ला धंदा बसला, परत उभा राहिला, २०१८ ला परत बसला. ज्या गाड्यांवर तो शिकला त्यांत कानाने ऐकून दुखणं कळायचं. बीएस६ आलं एप्रिल २०२० मध्ये, त्यानंतरच्या गाडीला कान पुरत नाही, स्कॅनर लागतो, आणि ट्रकचा चांगला स्कॅनर छोट्या गॅरेजला परवडत नाही. "मला हे वाचता येत नाही" असं मावसभावाला, ते पण लहान भावाला, सांगायचं म्हणजे जड जातं. मग नाटक आहे, चालव, असं तोंडातून जातं. माझा अंदाज हा, चुकीचा असू शकतो, तो माणूस तुमचा आहे.

म्हणून त्याच्याकडे तक्रार घेऊन नका जाऊ, फोटो घेऊन जा. संध्याकाळी, गिऱ्हाईकं नसताना. "दादा, काम तू केलंस, बाकी कुणाला मी गाडी उघडायला दिली नाही. हा कोड आला, घाटात लोडवर येतो. आपण दोघं बसून पाइप बघूया का?" एवढंच. आणि मी फोंड्याला जाऊन आलो, घाबरून गेलो होतो, हे पण त्याच वेळी सांगून टाका. क्लिप सैल निघाली तर तो स्वतःच हसेल, पैशाचा विषय पण निघणार नाही. डीपीएफ निघाला तर ते त्याच्या खात्यात टाकू नका, साफ करायचा खर्च तुमचा. बसवलेला पार्टच बोगस निघाला तर ज्याच्याकडून घेतला त्याच्याकडे दोघांनी मिळून जायचं, बिल असेल तर, म्हणून ते बिल आजच मागून घ्या. आणि कोड बघूनही तो नाटक आहेच म्हणाला, हात लावायला तयार नाही झाला, तर मग त्याला सांगून गाडी दुसरीकडे न्या. त्याची २०१८ ची उधारी तुम्ही फेडलीत ना? पत्रावरून फेडलेली दिसते. राहिली असेल तर ती आधी द्या, वेगळी, टर्बोच्या हिशोबात न मिसळता.

ज्यांचा मेस्त मावसभाऊ नाहीये त्यांच्यासाठी थोडंसं. काम द्यायच्या आधी डॅशबोर्डचा फोटो, कुठल्या बत्त्या आधीपासून पेटल्या होत्या ते त्यात दिसतं. पक्कं बिल, जुना पार्ट परत मागून घ्या. गॅरेजने हात वर केले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ट्रक धंद्याचा आहे म्हणून ग्राहक कायदा लागू नाही असं कुणी सांगितलं तर थांबा, स्वतः राबून त्यावर पोट भरणारा माणूस २०१९ च्या कायद्यात ग्राहकच आहे, तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात करायची, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पण ते सगळं कागद असेल तर.

तुमच्याकडे परत येते. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) बांधायला तो आणि तुम्ही एकाच स्टुलावर आळीपाळीने चढणार असाल, तेव्हा हा विषय पोटात नको, म्हणून ह्याच आठवड्यात जा. आणि टेप काढून जा, त्याला ती दिसली तर उगाच वेगळा अर्थ काढेल. ओढून नका काढू, चिकट डाग राहतो आणि काच खरवडते, कडेला थोडं खोबरेल तेल लावा, दहा मिनिटं थांबा, मग फडक्याने पुसा, सुटते.